जामीन झाला, तरी माणूस आत का?

ऑक्टोबर 2021. मुंबई उच्च न्यायालयानं शाहरुख खानच्या मुलाला, आर्यन खानला, अमली पदार्थांच्या केसमध्ये 28 तारखेला जामीन दिला. आर्थर रोड तुरुंगातून तो बाहेर पडला 30 तारखेला सकाळी. नामांकित वकिलांची फौज होती, जामीनदार म्हणून जुही चावला उभी होती. तरी एक रात्र निव्वळ यामुळे वाढली, की आदेशाचा कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायच्या पेटीत, ठरलेल्या वेळेआधी पडला नाही. पुढे त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही, पण तो विषय वेगळा.

आता समजा, त्याच तुरुंगात एक बिगारी कामगार आहे. मोबाईल चोरीचा आरोप. त्यालाही जामीन झालाय. आदेश असा: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. हा माणूस दोन रात्रींत सुटत नाही. कधी कधी कित्येक महिने सुटत नाही.

इथे घरच्यांची मोठी गफलत होते. त्यांना वाटतं, पंधरा हजार भरायचेत. मग व्याजानं पैसे काढतात. अहो, जातमुचलका म्हणजे लेखी हमी. तारखेला आलो नाही तर एवढी रक्कम देईन, एवढंच. आज एक रुपया भरायचा नसतो. कोर्टानं रोख जामीन म्हटलं असेल, तरच पैसे जमा करायचे, आणि त्याची पावती जपून ठेवायची.

खरी अडचण जामीनदाराची. त्याचं रेशन कार्ड, आधार, पगाराची स्लिप नाहीतर घरपट्टीची पावती, काही ठिकाणी तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला. बिहारहून किंवा नांदेडहून आलेल्या मजुराला मुंबईत असा माणूस कोण देणार? मग कोर्टाबाहेर भाडोत्री जामीनदार भेटतो. त्याच्या नादी लागू नका. कागद बोगस निघाले, तर जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा.

ही अडचण नवी नाही. 1978 साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भाऊ तयार होता, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे मोडीत काढलं आणि त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. तरी ‘स्थानिक जामीनदार’ ही अट आजही आदेशांत दिसते. मला याचाच राग येतो.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात गेला पाहिजे. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. कागदावर उत्तम. पण आठवा दिवस उजाडला, हे शेकडो कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यांच्या यादीत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं ना? 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे होते.

म्हणून मागे तुम्ही लागा. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. 15100 वर फोन करा, नाहीतर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात थेट जा. केस नंबर आणि जामिनाच्या आदेशाची तारीख सोबत ठेवा. मागणी एका ओळीची: जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावं. कैदी स्वतःही अधीक्षकांमार्फत हा अर्ज कोर्टाला पाठवू शकतो. रोख रकमेवर अडलं असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 ची योजना विचारा. सुरुवातीला त्यात चाळीस हजारांपर्यंत मदत ठेवली होती. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) असल्या गुन्ह्यांना ती नाही.

आणि अर्जाआधी एक विचारून घ्या: त्याच्यावर दुसरी केस आहे का? असेल, तर तिथला जामीन वेगळा घ्यावा लागेल. नाहीतर एका केसमध्ये सुटल्याचा आदेश येतो आणि माणूस दुसऱ्या केससाठी आतच राहतो.