ओढ्याचा तळ वर आणताना

[ड्रोन : कुरणातून वळत गेलेला हिरवा पट्टा]

दोन्ही बाजूंना उन्हानं पिवळं पडलेलं कुरण आणि मधून वळणं घेत गेलेला हा हिरवा पट्टा. हा मुलून क्रीक. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात, देशाची राजधानी कॅनबेराच्या पूर्वेला, बंगेनडोर आणि ब्रेडवुड या गावांच्या मधल्या खोऱ्यातून तो वाहतो. आकारानं म्हणाल तर आपल्याकडचा एखादा मोठा ओढा.

[जमिनीवरून : तुटलेला काठ]

आता हा काठ बघा. याच भागातला, पण दुरुस्तीचा हात न लागलेला. उभी दरड, अधांतरी लोंबणारी मुळं, आणि पाणी पार तळाशी, बारीक धारेइतकं. दरडीत दोन थर दिसतात. वरचा फिकट थर गेल्या दीड-दोनशे वर्षांत धुपून आलेल्या मातीचा. खालचा काळा, चिकट थर जुन्या पाणथळीचा. बोटांत चुरला तर कुजलेल्या मुळ्यांचे धागे हाताला लागतात.

तो काळा थर साचत होता तेव्हा इथं सलग ओढा नव्हताच. ओळीनं डोह होते, आणि एका डोहापासून दुसऱ्यापर्यंत नळाचं गवत, पाणकणीस, दलदल. पाऊस पडला की पाणी खोरंभर पसरायचं, गवतात अडखळायचं, जमिनीत उतरायचं. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या पशुपालकांनी इथं मेंढ्या आणि गुरं सोडली. झाडं तोडली. दलदलीतून चर काढून पाण्याला वाट करून दिली, म्हणजे तेवढीच जमीन चराईला मोकळी. गुरं पाण्यावर उतरायची तिथं खुरांनी काठ फुटले. पाणगवत संपलं आणि सगळं पाणी एकाच वाटेनं धावायला लागलं.

धावणारं पाणी आधी तळ कापतं. तळाला एक लहानशी पायरी पडते. तिच्यावरून पाणी कोसळतं, पायरी ढासळते आणि वरच्या अंगाला सरकते. पुढच्या पुरात आणखी वर. असं करत अख्खा ओढा खोल जातो. त्यासोबत काठची जमीनही सुकते, कारण तिच्यातलं पाणी झिरपत ओढ्याच्या तळाशी उतरतं. मग पूर आला तरी काठाबाहेर पडत नाही, पोटातल्या पोटात निघून जातो.

[दगड, ओंडके, पोकलेन. काम चालू]

इथलं शेत टोनी कूट यांनी १९६८ साली घेतलं. पीटर अँड्र्यूज हे घोड्यांची पैदास करणारे गृहस्थ. बायलाँग खोऱ्यातल्या स्वतःच्या शेतावर त्यांनी ओढा वर उचलण्याचे प्रयोग केले होते आणि त्या पद्धतीला ‘नॅचरल सिक्वेन्स फार्मिंग’ असं नाव दिलं होतं. २००६ च्या सुमारास कूट यांनी त्यांना मुलूनवर आणलं आणि कामाला सुरुवात झाली.

काम बघायला सोपं वाटतं. ओढ्यात आडवे ओंडके, त्यांची टोकं दोन्ही काठांत खोल गाडलेली. खालच्या बाजूला दगडांचा लांबट उतार, म्हणजे पाणी धप्पकन पडून तळ उकरणार नाही. बांधाचा माथा मधोमध किंचित खाली, म्हणजे जोराची धार काठाला न लागता मधूनच जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं : बांध गळका. आपल्याकडे बंधारा गळला की लोक ठेकेदाराच्या नावानं शंख करतात. इथं तो गळावा म्हणूनच तसा रचलेला असतो. पाणी थांबतं, चढतं, पण वाहायचं बंद होत नाही.

एका बांधाचा फुगवटा वरच्या बांधाच्या पायथ्याला टेकतो. त्या संथ पाण्यात गाळ बसतो, गाळात नळ आणि पाणकणीस लावतात किंवा ते आपणहून येतं. गुरांना कुंपण घालून लांब ठेवलं जातं, त्यांच्यासाठी पाण्याची सोय कुरणात वेगळी. काही वर्षांनी दगड-ओंडके शोधावे लागतात, सगळं मुळांनी धरून ठेवलेलं असतं. तळ वर येतो, पूर पुन्हा काठावरच्या सपाटीवर पसरतो, मुरतो आणि कोरड्या दिवसांत हळूहळू ओढ्याकडे परततो.

[महाराष्ट्र : कोरडा, खोल खणलेला नाला]

हे दृश्य मुद्दाम इथं लावलंय. डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार योजनेत आपण ठिकठिकाणी ओढ्यांचं खोलीकरण केलं. पहिल्या पावसानंतरचे तुडुंब फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण खोल तळ शेजारच्या विहिरीचंही पाणी ओढतो. अभ्यासकांनी तेव्हाच हरकत घेतली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तापी-पूर्णेचं गाळाचं खोरं सोडलं तर आपला बराचसा मुलूख काळ्या पाषाणाचा. मुलूनचा नकाशा उचलून इथं चिकटवता येणार नाही. तरी जेसीबी ओढ्यात उतरवण्याआधी तळ वर हवा की खाली, एवढं तरी ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?

[काठावरची झाडं, मग पुन्हा ड्रोन]

अँड्र्यूज यांची सगळीच मतं ऑस्ट्रेलियात पचलेली नाहीत. परदेशी विलोची झाडं काठावर राहू द्यावीत असं ते म्हणत, तर सरकार त्याच झाडांना तण मानतं. बांधाला परवानगी लागते, माशांना वर जायची वाट ठेवावी लागते, कागदपत्रांचा ढीग होतो.

२०११ मध्ये या कामासाठी मुलून इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. कूट २०१८ मध्ये गेले. शेजारचे सुमारे वीस जमीनमालक आता या कामात आहेत, पाणलोट सुमारे २३,००० हेक्टरांचा.

[जवळून : जमिनीतून वर आलेलं नळीचं तोंड, आत सोडली जाणारी मोजपट्टी]

मुलूनचं पाणी रीडी क्रीकमधून शोलहेवन नदीला मिळतं आणि शोलहेवनचं पाणी सिडनीच्या पुरवठ्यालाही लागतं. वर पाणी थांबलं तर खालच्यांचं काय, हा प्रश्न म्हणूनच विचारला जातो. त्यासाठी काठच्या जमिनीत अशा नळ्या उभ्या पुरल्या आहेत. भूजल कुठवर आलंय, याची नोंद त्यातून ठेवली जाते.