गाठ पॉझिटिव्ह, पण किती?

ब्रेस्ट कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा पहिला मुक्काम काखेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे तिथल्या लहान लसिका गाठींमध्ये करतो. पूर्वी तो तिथं पोचलाय का हे बघायला काखेतल्या गाठी सरसकट काढायचे, मग कित्येक बायकांचा हात सुजायचा, बांगडी चढायची नाही, ब्लाउजची बाही दाटायची, काहींना तर जन्मभर. १९९०च्या दशकात सेंटिनल नोडची पद्धत आली, निळा डाय टोचायचा, तो ज्या गाठीत आधी पोचतो तेवढीच काढून तपासायची, ती स्वच्छ निघाली की बाकीच्यांना हात लावायचा नाही.

पण तपासायची कशी? पेशंट टेबलावर भुलीत, बाजूला पॅथॉलॉजिस्ट गाठ गोठवून तिचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघतायत, आणि कॅन्सर नेमका दोन कापांच्या मधे असला तर दिसतच नाही. मग काही दिवसांनी पक्का रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि बिचारी परत ऑपरेशनला.

जपानच्या सिस्मेक्स कंपनीची ओस्ना टेस्ट इथं कामाला येते, २००७ मध्ये तिचा अभ्यास छापून आला. यात गाठ द्रावणात टाकून बारीक वाटतात आणि त्यात सीके१९ या जीनचा एमआरएनए, म्हणजे त्या जीनवरून पेशीनं उतरवलेला निरोप शोधतात, स्तनातल्या पेशींमध्ये तो भरपूर बनतो, निरोगी लिम्फ नोडमध्ये जवळपास नसतोच. पीसीआर या जनुकीय कॉपी वाढवायच्या नेहमीच्या पद्धतीसारखं तापमान वर-खाली करावं लागत नाही, ६५ अंशांवर ठेवलं की कॉपी वाढत जातात आणि नळीतलं द्रावण पांढुरकं गढूळ व्हायला लागतं, मशीन तो गढूळपणाच मोजतं, जितक्या लवकर गढूळ तितका कॅन्सर जास्त. किती साधं आणि किती सुंदर आहे हे! मायक्रोलिटरमागे २५० पेक्षा कमी कॉपी म्हणजे निगेटिव्ह, ५,०००च्या वर म्हणजे मोठा प्रसार, मधलं ते मायक्रोमेटास्टॅसिस, म्हणजे छोटा प्रसार. आणि हे सगळं साधारण अर्ध्या-पाऊण तासात, पेशंट टेबलावर असतानाच.

थोड्या ट्यूमरमध्ये सीके१९ बनतच नाही, तिथं ही टेस्ट फसते. शिवाय अख्खी गाठ वाटली की मायक्रोस्कोपखाली परत बघायला काही उरत नाही, हे मोठंच नुकसान.

त्यात अमेरिकेतल्या झेड००११ ट्रायलनं दाखवलं की स्तन वाचवून ऑपरेशन आणि रेडिएशन झालेल्या बायकांमध्ये एक-दोन सेंटिनल नोड पॉझिटिव्ह असले तरी बाकीच्या गाठी न काढताही जगण्यात फरक पडत नाही. त्यामुळे नुसतं हो-नाही पुरत नाही, कॅन्सर किती आहे ते कळायला हवं. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये सगळ्या सेंटिनल नोडमधल्या कॉपींची बेरीज करून बघितली, ती १५,०००च्या पुढे गेली की काखेत आत अजून कॅन्सर असण्याची शक्यता बरीच वाढते, खाली राहिली तर कमी.