भट्टीत जाण्याआधी

मंडळी, पायरोलिसिस म्हणजे कचरा जाळणं नव्हे, हे आधी पक्कं करू या. जाळायला हवा लागते. इथे बंद भट्टीत, हवा शिरू न देता, प्लास्टिक साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. लांबलचक रेणू तुटतात, त्यांची वाफ होते. ती थंड केली की तेल मिळतं. जी द्रव होत नाही तो गॅस, तो परत भट्टीखालीच जाळतात. तळाशी काळी भुकटी उरते. हे इतकं सरळ आहे की सोनेरी तेलाची बाटली हातात धरून फोटो काढणं कुणालाही जमतं. अशी बाटली पाहिली की मी एवढंच विचारतो, भट्टीत काय घातलं होतं?

कारण आपल्या घंटागाडीत जे पडतं ते वेगळं असतं. भाज्यांची देठं, उरलेला भात, चहाचा चोथा, शहाळी आणि त्यातच गुंडाळलेल्या पिशव्या. आपल्याकडच्या मिश्र कचऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. आता हिशेब करा. एक टन कचरा, त्यात 500 किलो पाणी. ते नुसतं तापवून वाफ करून घालवायला जी उष्णता लागते, ती सुमारे 35 लिटर डिझेल जाळल्याइतकी. तीही कुठेच काही वाया गेलं नाही असं धरून, आणि प्रत्यक्षात असं कधी होत नाही. तेलाचा पहिला थेंब पडायच्या आधीचा हा खर्च आहे.

दिल्लीला तिमारपूरमध्ये 1987 साली रोज 300 टन कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला, डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाचा. ती जाळण्याची भट्टी होती, पायरोलिसिस नव्हे, पण दुखणं हेच. कचऱ्यातून पुरेशी उष्णताच मिळेना. काही आठवड्यांतच ती बंद पडली. जर्मनीत बुर्गाव इथे मात्र घरगुती कचऱ्याचं पायरोलिसिस 1980च्या दशकापासून 2015 पर्यंत चाललं. पण तिथेही तेल बाटलीत भरत नव्हते. निघालेला वायू तिथल्या तिथे जाळून वीज करायचे. आपल्याकडचे उत्साही लोक हा तपशील सोयीने गाळतात.

बरं, कचरा सुका असला तरी सगळं प्लास्टिक सारखं नसतं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. पाइपचे तुकडे किंवा जुनं रेक्झिन आत गेलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते भट्टीचं लोखंड खातं. पाण्याची बाटली ज्या पेट नावाच्या प्लास्टिकची असते, त्यातून तेलाऐवजी घन आम्लं निघतात. ती थंड नळ्यांमध्ये भुकटीसारखी साचतात आणि नळी तुंबते. तशीही ती बाटली भंगारवाला आनंदाने घेतो, तिचा धागा होतो. भट्टीत घालायचं ते पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. दुधाच्या पिशव्यांनाही भंगारात भाव आहे, तेव्हा उरतं ते ज्याला कुणी हात लावत नाही, म्हणजे मळक्या पातळ पिशव्या, वेष्टनं वगैरे.

पुण्यात मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या कुकरवर प्लास्टिकपासून तेल काढण्याचे प्रयोग करत सुरुवात केली, पुढे जेजुरीजवळ प्रकल्प उभा केला. त्यांच्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यंत्र नव्हे, तर घरोघरचं सुकं, स्वच्छ प्लास्टिक वेगळं गोळा करण्याची चिकाटी. तेल भट्टीत निघतं खरं, पण ते निघणार की नाही हे आपल्या ओट्याखालच्या दोन डब्यांत आधीच ठरलेलं असतं. त्या तेलाचाही फार गवगवा नको. बॉयलरला, भट्ट्यांना ठीक. शुद्धीकरण न करता गाडीत ओतायचं डिझेल ते नव्हे. उरलेल्या काळ्या भुकटीत रंगांमधले आणि इतर जड धातू साठतात, म्हणून ती तपासल्याशिवाय कुठे टाकायची नाही.

आता तुमच्या नगरपालिकेत उद्या कुणी असा प्रकल्प आणला, तर यंत्राच्या चित्रांपेक्षा निविदेतलं पैसे देण्याचं कलम आधी वाचा. ठेकेदाराला आत आलेल्या प्रत्येक टनामागे पैसे मिळणार असतील, तर पावसात भिजलेला, न वेगळा केलेला कचरा त्याला जास्त परवडतो, कारण पाण्यालाही वजन असतं. बाहेर पडलेल्या तेलावर पैसे ठेवा, मग वर्गीकरणाचा आग्रह तोच धरेल.