घराण्यातली साखर

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीजवळच्या एका गावातले ३८ वर्षांचे शेतकरी माझ्याकडे आले होते. पायाची जखम महिनाभर भरत नव्हती. उपाशीपोटी साखर निघाली २१०. अंगानं अगदी सडपातळ. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या खानदानात कुणालाच शुगर नाही. मला कुठून आली?"

मी विचारलं, वडिलांची कधी तपासली होती? ते गप्प झाले. मग म्हणाले, "दादांना शेवटी दिसत नव्हतं. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायचे. आम्ही म्हणलं, वय झालं."

मराठवाड्यात अशी किती घरं असतील! आजार घरात होता, त्याचं नाव तेवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

टाइप टू मधुमेह, म्हणजे मधुमेहाचा नेहमी आढळणारा प्रकार, एका जनुकामुळे होत नाही. जनुक म्हणजे आई-वडिलांकडून शरीराला मिळालेली एक सूचना. दुधनेला एका ओढ्यानं पूर येतो का? पन्नास ओढे-नाले भरून येतात, तेव्हा पाणी काठ सोडतं. तसंच हे. आपल्या जनुकांत शेकडो ठिकाणी बारीक फरक असतात आणि प्रत्येक फरक धोका जरासाच वाढवतो. त्यातल्या त्यात मोठा ओढा म्हणजे 'टीसीएफ सेव्हन एल टू' नावाचं जनुक. आइसलँडच्या संशोधकांनी २००६ साली ते दाखवलं, आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांतही त्याचा संबंध सापडला. या जनुकात तो फरक असला, की जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारा रस, हवं तेवढं सुटत नाही.

आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे ऐकून काही जण हात टेकतात. "रक्तातच आहे, काय करणार?" हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

कारण तुमच्या आज्याकडेही बहुतेक जनुकांतले हेच फरक होते. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नसतात. पण आजा औतामागं दिवसभर चालायचा, आणि नातू बांधापर्यंत मोटारसायकलवर जातो. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. साखर काठावर असलेल्या, म्हणजे ती वाढलेली पण अजून मधुमेह न झालेल्या, लोकांनी वजन सात टक्क्यांच्या आसपास घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आणि ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही तो जनुकातला फरक आला होता, त्यांनाही फायदा झाला. हे मी रुग्णांना पुन्हा पुन्हा सांगतो.

आणखी एक. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो, पण पोटात चरबी असते. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०च्या. घरात एकाला साखर निघाली की सख्ख्या भावा-बहिणींनी आणि तिशी ओलांडलेल्या मुलांनी तपासून घ्यावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पैसे पडत नाहीत.

त्या शेतकऱ्यांची जखम भरली. पुढच्या वेळी ते धाकट्या भावाला घेऊन आले. भाऊ म्हणाला, "मला काहीच होत नाही, दादानं ओढून आणलं." उपाशीपोटी साखर ११२. म्हणजे मधुमेह नाही, पण काठावर. आता दोघं भाऊ पहाटे शेतापर्यंत पायीच जातात.