कमरेतल्या चिकटलेल्या नसा : अ‍ॅरॅक्नॉइडायटिस समजून घेताना
(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, टाके भरले, एक्स-रे चांगला आला, तरी पायांची आग थांबत नाही, असं सांगणारं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेल. बसलं की दुखणं वाढतं. जतहून मिरजेला एसटीनं येणंसुद्धा नको होतं. पायावरून पाणी ओघळल्यासारखं वाटतं, हात लावावा तर पाय कोरडा. घरचे म्हणतात, मनाचं आहे. कधी डॉक्टरही म्हणतात. या दुखण्याला शरीरात जागा आहे, हे सांगायला मी आज आलोय.

मज्जारज्जूवर तीन आवरणं असतात. बाहेरचं जाड ते ड्युरा, रज्जूला बिलगलेलं ते पाया, आणि मधलं पातळ ते अ‍ॅरॅक्नॉइड. या मधल्या आवरणाच्या आत मणक्याचं पाणी खेळतं. मेंदू आणि मणका धरून ते साधारण १५० मिलिलिटर असतं, आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली पायांकडे आणि लघवी-संडासच्या अवयवांकडे जाणाऱ्या नसा या पाण्यात सुट्या असतात. आपण वाकलो, वळलो की त्याही जराशा सरकतात.

अ‍ॅरॅक्नॉइडला सूज आली (हाच अ‍ॅरॅक्नॉइडायटिस) आणि ती रेंगाळली, की तिथे व्रणाचे तंतू धरतात. मग नसा शिजून गार झालेल्या शेवयांसारख्या एकमेकींना चिकटतात, नाहीतर या आवरणांच्या नळीच्या भिंतीला जाऊन बसतात. कमरेच्या एमआरआयमध्ये हे दिसतं. भिंतीला चिकटल्या असतील, तर मधली नळी रिकामीच वाटते. घाईत पाहणाऱ्याला तीच नॉर्मल वाटू शकते, म्हणून रिपोर्टवर न थांबता फिल्म न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि चित्र किती वाईट, यावरून दुखणं किती ते ठरत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

सूज कशानं येते? पूर्वी मणक्याच्या तपासणीसाठी तेलकट डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं द्रव्य, सोडत. १९४० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं ती वापरात होती, आणि तिनं जगभर अनेकांच्या नसा चिकटवल्या. आता पाण्यात विरघळणारी डाय आणि एमआरआय आल्यामुळे ते कारण मागे पडलं. आज मणक्याची ऑपरेशनं, विशेषतः पुन्हापुन्हा केलेली, आतला रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही कारणं दिसतात.

आपल्याकडे मात्र टीबी विसरून चालणार नाही. मेंदूच्या आवरणांचा टीबी मणक्यातही उतरतो. औषधं चालू असतानाही पाय लुळे पडू लागतात, लघवी अडते. तेव्हा गोळ्या लागू पडत नाहीत असं समजून लोक त्या सोडतात. कृपा करून सोडू नका. हा कोर्स साधारण नऊ ते बारा महिन्यांचा असतो, सोबत स्टेरॉइड लागतं, आणि अशी नवी लक्षणं दिसली की लगेच डॉक्टरांना कळवायचं.

सिझेरियनच्या वेळी कमरेत दिलेल्या इंजेक्शनाविषयी बायका हमखास विचारतात. त्यातून हा आजार होणं अतिशय दुर्मीळ आहे. त्या भीतीनं इंजेक्शन नाकारू नका.

उपचारांबद्दल खोटी आशा मी देणार नाही. चिकटलेल्या नसा पूर्ववत सुट्या करणारं औषध आज नाही. ऑपरेशन करून त्या सोडवायला गेलं, तर बहुतेकदा पुन्हा व्रण धरतो. म्हणून ‘अजून एकदा उघडून बघू’ असं कुणी म्हटलं, तर दुसरं मत घ्याच. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं नसांची आग कमी करतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू वाढवायची असतात. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून टाकायची नसतात. रोज थोडं चालणं, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला हलका व्यायाम आणि बसण्याच्या मध्ये उठणं याचा उपयोग होतो. द्राक्षबागेत काम करणाऱ्यानं छाटणीचे दिवस आले तरी ओझं दुसऱ्याला द्यावं, आणि घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र उद्यावर ढकलू नका. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली ताकद एकाएकी गेली, तर रात्र असली तरी निघा. न्यूरोसर्जन आणि एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी थेट जा, आणि जुन्या फिल्म सोबत घ्या.