ओसरणे

नमस्कार श्रोतेहो. आजचा शब्द आहे 'ओसरणे'. पूर ओसरतो, गर्दी ओसरते, रागसुद्धा ओसरतो. कर्ज मात्र ओसरत नाही, ते फेडावं लागतं. म्हणजे जे भरून येतं आणि मग मागे सरतं, तेच ओसरतं. मागे सरतं, एवढंच. संपतं, असं हा शब्द म्हणतच नाही.

2024 चा ऑगस्ट आठवा. जन्माष्टमीच्या सुमारास आपल्या बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, मगरी सोसायट्यांत शिरल्या. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या एका मावशींच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. ते उतरल्यावर आम्ही मदतीला गेलो. कोठीतले गहू फुगून झाकण वर उचललं गेलेलं. लाकडी कपाटाचा खण असा काही घट्ट बसला होता की हलेना, आणि घराची कागदपत्रं नेमकी त्यातच. गाळ खराट्याला दाद देत नव्हता, पत्र्याने खरवडत होतो. तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन: "मावशी, बातम्यांत सांगितलं, पूर ओसरला. सुटलात!" मावशी हातातला पत्रा न ठेवताच म्हणाल्या, "नदी ओसरली रे. घर कुठे ओसरलंय?" शेजारच्या गुजराती बेन दारातूनच म्हणाल्या, "पाणी ओसर्यां, कादव नथी ओसर्यो."

ऐकलंत? कादव म्हणजे चिखल; 'ओसरणे' मात्र दोन्ही भाषांत तोच. आपल्या बडोद्याच्या मराठीला गुजराती वळणाची म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. दोन भाषा एका ओट्यावर नांदतात, ही आपली श्रीमंती आहे. मुलांना दोन्ही नीट शिकवा.

तर, 7 सप्टेंबरला गणपती बसले तेव्हाही मावशींच्या भिंतींना ओल होतीच. पुढे सुताराने कपाटाची मागची फळी काढली, तेव्हा कुठे कागद हाती आले.

2021 मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरली, असं आपण म्हणालो. लाट मागे गेली; ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचं काय ओसरलं?

आणखी एक शब्द हल्ली सर्रास वापरतात, 'पडसाद'. पडसाद म्हणजे प्रतिध्वनी. एखाद्या वक्तव्याचे पडसाद विधानसभेत उमटतात, ते ठीक. 'पुराचे पडसाद' मात्र माझ्या कानाला खटकतं. पुरामागे राहतो तो गाळ, राहते ती ओल, राहतात ते आजार. त्यांना त्यांच्याच नावांनी बोलवावं. बातम्या लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पाणी ओसरलं, असं जरूर लिहा. पण त्याच बातमीत, कुणाच्या घरात अजून काय उरलंय, तेही लिहा.