दुखणं तिकडचं, राहणं इकडचं

[दृश्य: राजारामपुरीतली गल्ली, जुलैची सकाळ. मेसच्या दारात ओल्या छत्र्या.]

कोल्हापुरात जुलै उजाडला की पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ किती फुटांवर आली, हे सगळं शहर एकमेकांना विचारतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पोरंसोरंही हे आकडे पाठ सांगतात.

या मेसमध्ये जेवणारी एक मुलगी मात्र दिवसभर वेगळं पाणी मोजते. दोन लिटरची बाटली दुपारपर्यंत रिकामी झाली पाहिजे. भर पावसाळ्यात अंगात स्वेटर, पायात लोकरी मोजे. ती नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची, सातपुड्यातली. इथं एम.एस्सी. करते. नाव सांगू नका म्हणाली, कारण घरी धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बघतायत. तिला सिकलसेल आहे, रक्तातला जन्मजात आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई-बाप दोघांकडून आलेला.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडं ‘पॅटर्न’ म्हटलं की समोरच्याला कळतं. कोल्हापुरात शर्टाचा पॅटर्न आठवतो. त्यात इथल्या लोकांचा दोष नाही, आजार इथं फारसा पाहायलाच मिळत नाही. पण माणसं गावाबाहेर पडतात. सातपुड्यातल्या मुली विद्यापीठात येतात. ओडिशा-छत्तीसगडचे कामगार शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभे राहतात, तेही घाम गाळत, तासन्‌तास. रक्त त्यांच्याबरोबरच येतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं रक्त.]

रक्तातल्या हिमोग्लोबिनची साखळी शेकडो दुव्यांची. त्यातल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं, एवढाच बदल. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण पेशीनं ऑक्सिजन सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं, आणि मऊ, गोल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, अंगात पाणी कमी पडलं किंवा गारठा लागला की जास्तच. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तिथं कळ सुरू होते. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांत संपते. म्हणून रक्त कायम कमी.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 साली अशा पेशींचं वर्णन पहिल्यांदा छापलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला. मलेरियाच्या मुलखातच तो टिकून राहिला, कारण ज्याच्यात हा जनुक एकाच बाजूनं आलाय त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. तो वाहक, एएस पॅटर्न. वाहक सहसा ठणठणीत असतो. आई-बाप दोघांकडून आला की मात्र आजार.

[दृश्य: मेस. ताटं वाढली जातायत.]

मेसच्या मावशींनी तिचे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, “डोळं कसं पिवळंधमक झाल्यात बघ. आमच्या गावात काविळीचं औषध देत्यात, आणू काय?” मावशींची माया खरी, निदान चुकीचं. पेशी भराभर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढतं आणि डोळे पिवळे दिसतात. झाडपाल्यानं ते उतरत नाही.

दुसरा सल्ला गुळाचा. हिमोग्लोबिन सात म्हटल्यावर कोल्हापूरकर गूळ-शेंगदाणे पुढं करणारच. गूळ खावा, गोड लागतो. पण इथं रक्त कमी आहे ते लोह कमी म्हणून नव्हे. वरचेवर रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह उलट साठून बसतं. त्यामुळं लोहाच्या गोळ्या तपासणी करूनच, डॉक्टर म्हणाले तरच.

तिच्या डब्यात दोन औषधं असतात. एक फॉलिक ॲसिड. दुसरं हायड्रॉक्सीयुरिया. त्याची चिठ्ठी दाखवली की मेडिकलवाला हळूच विचारतो, “घरात कुणाला कॅन्सर आहे का?” औषध कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. पण इथं ते बाळपणीचं, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, आणि ते जास्त असलं की पेशी सहजी वाकत नाहीत. कळांचे झटके कमी होतात. मात्र ठरावीक काळानं रक्त तपासत राहावं लागतं, आणि मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

[दृश्य: रात्र. रिक्षाच्या काचेवर पाऊस.]

एवढं करूनही झटका येतो. तिच्या भाषेत ‘क्रायसिस’. मागच्या पावसाळ्यात भिजून आली आणि रात्री मांड्या, कंबर, छाती धरली. मैत्रिणींनी रिक्षा करून दवाखान्यात नेलं. एक्स-रे नॉर्मल. तिथं कुणीतरी म्हणालं, “रिपोर्टमध्ये तर काहीच नाही, परीक्षा जवळ आलीय काय?”

एक्स-रेत काही दिसणार नव्हतंच. झटक्याच्या सुरुवातीला बहुतेकदा दिसत नाही. हा आजार कळेवरून ओळखायचा असतो आणि कळ रुग्णाच्या सांगण्यावरून. सलाईन, पुरेसं वेदनाशामक, ऊब. बर्फ अजिबात नको. छातीत दुखून धाप लागली, ताप 101 च्या वर गेला, बोलताना जीभ अडखळली किंवा हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट बघायची नाही. जंतूंशी लढणारी प्लीहा बऱ्याचदा लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळं साधा संसर्गही बघता बघता अंगभर पसरतो.

[दृश्य: प्रयोगशाळा. काळ्या रेघांच्या कार्डापुढं धरलेली काचनळी.]

पहिली चाचणी अगदी साधी. बोटातून थेंबभर रक्त, नळीतलं द्रावण, थोडा वेळ. नळीमागं काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. गढूळपणात बुडाल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र या नळीतून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, ती अशाच नळीपासून सुरू होते.

भिंतीवर घोषणा असते, लग्नाआधी रक्त तपासा. बरोबर आहे. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक मूल 50 टक्के. पण घोषणा घरात शिरली की नकार पचवायला मुलगीच पुढं. मुलाचा रिपोर्ट कुणी मागत नाही. एका वाहकानं वाहकही नाही आणि रुग्णही नाही अशाशी लग्न केलं तर मुलाला आजार होत नाही. दोघंही वाहक असले तरी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. हे सांगायला भिंत पुरत नाही, माणूस बसवावा लागतो.

[दृश्य: मध्यवर्ती बसस्थानक. फलाटावर सॅक सांभाळत ती.]

सुट्टीत गावाकडं जायचं म्हणजे रात्रभर एसटी. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, एसटीत सवलतही मिळते. अडचण वेगळीच. या आजारात मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, वरचेवर जावं लागतं. स्टँडवरची स्वच्छतागृहं कशी असतात ते बायकांना विचारा. म्हणून मुली प्रवासात पाणीच पीत नाहीत. हिनं तसं केलं की दुसऱ्या दिवशी झटका.

आम्ही तिला जनुक-उपचाराबद्दल विचारलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत क्रिस्पर या जनुकात काटछाट करणाऱ्या तंत्रावरच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, तिथली किंमत 22 लाख डॉलर. आकडा ऐकून ती मोठ्यानं हसली.

“ते येऊ दे सावकाश. आधी आमच्या डिपार्टमेंटच्या बाथरूमला आतून कडी बसवायला सांगा. अर्ज देऊन झालाय.”